रात्र तेवढी राहिली

गेली तीन वर्षे मी रात्री दीडच्या सुमारास उठतो. गजर लावलेला नसतो. आधी डाव्या नडगीवर, मग दंडावर आणि शेवटी पाठीच्या बरोबर मधोमध, जिथे माणसाचा स्वतःचा हात पोचू नये अशी निसर्गाने चोख व्यवस्था केली आहे त्या जागी, मुंग्या चढू लागतात. दिवा लावून पाहावे तर मुंगी नाही, पुरळ नाही, गांधी नाही. कातडी वयोमानाप्रमाणे थोडी सुकलेली, एवढेच. मग उशाशी ठेवलेला लाकडी पंजा घ्यायचा (तो मेहुण्यांनी एका जत्रेतून थट्टेने आणला होता; आता घरातील सर्वांत उपयोगी वस्तू तीच आहे) आणि चादरीवर रक्ताचे ठिपके दिसेपर्यंत खाजवत राहायचे. "अहो, पुरे आता," असे पलीकडून येते. ते आले की मी उठून बाहेरच्या खोलीत जातो.

हे सारे रविवारच्या सकाळी चहाच्या कपासमोर सांगावे की नाही, याचा मी बराच विचार केला. रक्तदाबाविषयी लिहिताना कोणी संकोचत नाही. मधुमेह तर आता अभिमानाने सांगायची गोष्ट झाली आहे. खाजेचे तसे नाही. मराठीत दुखण्याला 'वेदना' असा भारदस्त शब्द आहे आणि वेदनेवर कविता होतात. खाजेवर शिव्या होतात. 'फार खाज आहे त्याला', 'जिरवली एकदाची खाज' अशी वाक्ये आपण ज्यांच्याविषयी बोलतो त्यांना त्वचारोग झालेला नसतो. डॉक्टर मंडळी सभ्यपणे 'कंड' म्हणतात, पण तोही शब्द फारसा स्वच्छ राहिलेला नाही. त्यातल्या त्यात बरी समजूत म्हणजे तळहाताला खाज सुटली की पैसे येतात. बँकेत ३७ वर्षे काढूनही मला तिचा पडताळा आला नाही.

बँकेचा विषय निघालाच आहे तर ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो ती आधी सांगून टाकतो.

१९९४ साली मी कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावी शाखाधिकारी होतो. वय चौतीस. शाखेत आम्ही पाच माणसे. त्यांतले कॅशियर माझ्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठे, अत्यंत चोख. संध्याकाळी कॅश एका झटक्यात जुळायची. तिजोरीच्या दोन किल्ल्यांपैकी एक त्यांच्याकडे आणि दुसरी माझ्याकडे, म्हणजे दिवसातून दोनदा तरी आम्हा दोघांना तिजोरीसमोर शेजारी शेजारी उभे राहावे लागे. त्यांना इसब होते. कोपराच्या आत, मानेवर, मनगटांवर कातडी जाड आणि काळपट झालेली. कॅश केबिनच्या जाळीमागे बसून ते नोटा मोजत आणि मध्येच लेजर आखायचा लाकडी रूळ सदऱ्याच्या मागे घालून पाठ खाजवत. पोरे बाहेरून नक्कल करीत. एके दिवशी गावातल्या एका मोठ्या खातेदाराने माझ्या टेबलाशी येऊन विचारले, "साहेब, त्याच हातानं नोटा देतात हो. आम्ही घ्यायच्या का?"

मी कॅशियरना आतल्या बाजूला, लेजरच्या कामावर बसवले. तेव्हा कॅश हाताळणाऱ्याला विशेष भत्ता असे. तो गेला. त्यांनी भांडण केले नाही. आठ दिवसांनी तालुक्याच्या डॉक्टरांचा दाखला आणून माझ्यासमोर ठेवला: हा आजार संसर्गजन्य नाही. मी तो वाचला, त्यावर आद्याक्षरे केली, फाइलला लावला आणि हुकूम तसाच ठेवला. कारण खातेदाराची मुदत ठेव मोठी होती, आणि खरे सांगायचे तर तिजोरीपाशी त्यांच्या शेजारी उभे राहणे मलाही नको होते.

यावरही मी थांबलो नाही. २००३ साली माझी एक कादंबरी आली. तिच्यात एक कॅशियर होता, जो सारखा खाजवतो आणि पंचाहत्तरच्या जागी सत्तावन्न मोजतो. लोकांना तो फार आवडला. एका परीक्षणात 'विनोदाचा उत्तम नमुना' म्हणून त्याचा उल्लेख झाला. पुढच्या वर्षी मला एक पोस्टकार्ड आले. अक्षर ओळखीचे, लेजरमधले. कादंबरी वाचली, शाखा छान उतरली आहे, खाडीचा वासही आला आहे, असे लिहून शेवटी एक ओळ होती: "खाजेचा दिवस तुम्ही बरोबर लिहिलात साहेब, रात्र तेवढी राहिली." ती ओळ मला अठरा वर्षे कळली नाही. २०२२ च्या डिसेंबरात कळू लागली.

माझ्या बाबतीत आधी घरगुती उपाय झाले. खोबरेल तेल, कडुनिंबाच्या पाल्याचे पाणी, आमसूल कोळून अंगाला लावणे. मग कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी सेट्रिझिनच्या गोळ्या दिल्या. त्यांनी झोप आली, खाज गेली नाही. म्हणजे पूर्वी जागेपणी खाजवत होतो, ते आता झोपेत खाजवू लागलो. शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी अंग पाहिले, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, रक्त, लोह, साखर अशा तपासण्यांची लांबलचक यादी दिली. अंगावर काही न दिसता सहा आठवड्यांपेक्षा जास्त खाज टिकली तर हे सगळे पाहावेच लागते. कातडी निरोगी असून आतले मूत्रपिंड, पित्तमार्ग किंवा क्वचित रक्ताचा एखादा गंभीर आजार खाजेच्या रूपाने पहिली वर्दी देतो. (हे वाचून ज्यांना स्वतःची आठवण झाली असेल त्यांनी लेख बाजूला ठेवून आधी तपासण्या कराव्यात.) माझे सगळे अहवाल ठीक आले. तेव्हा मी जरा चिडूनच विचारले, "मग ही खाज येते कुठून?" त्या म्हणाल्या, "काका, तुमच्या शरीरातले निरोप चुकीच्या पत्त्यावर जातायत."

निरोप आणि पत्ता हे शब्द ऐकून माझ्यातला बँकवाला जागा झाला. त्यानंतरचे कित्येक महिने, रात्री दीड ते चार ही फुकटची वेळ हाताशी असल्यामुळे, मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो.

खाजेची आपल्या सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट हिस्टामिनची आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत इंग्लंडमध्ये हेन्री डेल, थॉमस लुईस या मंडळींनी या द्रव्याचे गुण शोधले. कातडीत मास्ट नावाच्या पेशी असतात. त्यांना हे नाव पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८७८ साली दिले; पोटात दाणेच दाणे भरलेले पाहून त्याला त्या चारून पुष्ट केलेल्या वाटल्या. या दाण्यांत हिस्टामिन असते. डास चावला, अंगावर पित्त उठले की दाणे फुटतात, हिस्टामिन सांडते, जागा लाल होते, फुगते, खाजते. त्यावर हिस्टामिनविरोधी गोळी घेतली की काम भागते. ही गोष्ट खरी आहे, पण इसबाच्या खाजेवर, म्हाताऱ्या कातडीच्या खाजेवर ती गोळी बहुधा चालत नाही. म्हणजे दुसरी वाट असली पाहिजे.

या दुसऱ्या वाटेची खूण आपल्या रानात पूर्वीपासून उगवते आहे. खाजकुइली! सह्याद्रीच्या पायथ्याला शाळेत गेलेल्या कोणालाही तिची ओळख करून द्यायला नको. आमच्या वर्गात तिच्या शेंगांवरची कुसे मास्तरांच्या खुर्चीवर पसरण्याचा पराक्रम एकाने केला होता, आणि वर्गातल्या चाळीसही जणांनी छड्या खाल्ल्या. इंग्रजीत तिला 'काउएज' म्हणतात. नाव ऐकून गाईशी संबंध वाटतो, पण तो शब्द हिंदीतल्या 'केवांच'चा अपभ्रंश आहे. १९५५ साली अमेरिकेतल्या शेली आणि आर्थर यांनी दाखवले की या कुसांमध्ये हिस्टामिन नव्हे, तर प्रथिने तोडणारे एक द्रव्य काम करते. पुढे २००८ साली ते मज्जातंतूच्या कोणत्या रिसेप्टरला जाऊन चिकटते हेही सापडले. तेव्हा खाजेला किमान दोन दरवाजे आहेत आणि आपण इतकी वर्षे एकालाच कुलूप लावत होतो.

त्याही आधी एक गैरसमज होता, की खाज म्हणजे सौम्य वेदना. वेदनेचा आवाज बारीक केला की खाज होते. पण मॉर्फिन दिल्यावर दुखणे थांबते आणि उलट खाज सुटते, हे डॉक्टरांना माहीत होतेच. १९९७ साली जर्मनीतल्या एर्लांगेनच्या संशोधकांनी स्वीडनच्या सहकाऱ्यांबरोबर माणसाच्या कातडीत असे तंतू शोधले, की जे हिस्टामिनला नेमके खाजेच्या चालीने प्रतिसाद देतात. फार बारीक, फार सावकाश. त्यांतून निरोप सेकंदाला अर्धा मीटर इतक्याच वेगाने जातो. माझ्या नडगीपासून कण्यापर्यंत यायला त्याला दोन सेकंद तरी लागत असावेत. पूर्वीची आमची मेल ट्रान्सफरही याच चालीने जाई.

पण मला सर्वांत गुंतवून ठेवले ते केनेथ मेलॅन्बी या कीटकशास्त्रज्ञाच्या हकिगतीने. दुसरे महायुद्ध चालू होते आणि ब्रिटिश सैन्यात खरूज पसरली होती. ती कपड्यांतून, घोंगड्यांतून पसरते अशी ठाम समजूत, म्हणून हजारो घोंगड्या निर्जंतुक करण्यावर खर्च चालू होता. १९४१ साली मेलॅन्बीने शेफील्डमध्ये एक घर घेतले आणि प्रयोगासाठी माणसे मागितली. आली ती युद्धात शस्त्र धरायला सद्सद्विवेकबुद्धीने नकार देणारी तरुण मंडळी. एरवी लोक त्यांना भेकड म्हणत. ती खरूज झालेल्या सैनिकांचे न धुतलेले अंतर्वस्त्र घालून हिंडली, त्यांच्या घोंगड्यांत उघड्या अंगाने झोपली. खरूज जवळजवळ कोणालाच झाली नाही! ती होते प्रत्यक्ष अंगाला अंग लागून. तेही मग करून पाहिले गेले.

यात माझ्या कामाची गोष्ट पुढे आहे. पहिल्यांदाच खरूज झालेल्या माणसाला साधारण महिनाभर काही कळतच नाही. किडा कातडीत बिळे करतो, अंडी घालतो, पण माणूस शांत झोपतो. महिन्यानंतर खाज सुरू होते आणि मग झोप उडते. त्याला बरे करून पुन्हा किडा सोडला तर चोवीस तासांच्या आत खाज सुटते. किडा तोच आणि कातडीही तीच. फरक इतकाच, की मधल्या काळात शरीराच्या रोगप्रतिकारक सेनेने त्या किड्याची नोंद घेतलेली असते. बरे, किडे असे कितीसे असतात? मेलॅन्बीने मोजले, तर एका माणसाच्या अंगावर सरासरी दहा-बारा माद्या. म्हणजे माणूस खाजवतो तो चोराच्या पावलांमुळे नव्हे, आपल्याच पोलिसांच्या शिट्ट्यांमुळे.

या शिट्ट्या म्हणजे सायटोकाइन. पेशींनी एकमेकींना पाठवायची लहानशी प्रथिने. त्यांतल्या एका मोठ्या कुळाला १९७९ साली स्वित्झर्लंडमधल्या एर्माटिंगेन गावी भरलेल्या परिषदेत 'इंटरल्युकिन' हे नाव ठरले. अर्थ असा, की पांढऱ्या पेशींच्या आपसातले. पुढे सापडतील तसे क्रमांक देत गेले.

ज्यांनी जुनी बँक पाहिली आहे त्यांना हे लगेच समजेल. टीटी, म्हणजे टेलिग्राफिक ट्रान्सफर, आठवते? एका शाखेने तार करायची, अमुकला इतके रुपये द्या. तार उघडी, पोस्टातल्या कोणीही वाचावी. पण तिच्यात एक गुप्त आकडा असे आणि तो पडताळायचे सायफरचे पुस्तक फक्त शाखाधिकाऱ्याच्या कुलपात. ज्याच्याकडे पुस्तक त्याच्याचसाठी त्या तारेला अर्थ. पेशींचे तसेच आहे. रक्तात, कातडीत हे निरोप उघडे फिरतात. ज्या पेशीच्या अंगावर त्या निरोपाचा रिसेप्टर असेल तीच तो वटवते. आणि इतकी वर्षे सर्वांची समजूत अशी, की या तारा पांढऱ्या पेशींच्या आपसातल्या. नावच तसे पडलेले. मज्जातंतू हे वेगळे खाते, त्यांचा यात काय संबंध?

संबंध होता. मज्जातंतूंकडेही सायफरचे पुस्तक होते.

२००४ साली अमेरिकेत इंटरल्युकिन-३१ सापडले. ते जास्त प्रमाणात तयार होईल असे उंदीर केले, तर ते अंगावरचे केस जाईपर्यंत खाजवत सुटले. २०१३ साली बर्कलेच्या डायना बटिस्टा आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की कातडीची वरची पेशी दुखावली की टीएसएलपी नावाचा निरोप सोडते आणि तो थेट मज्जातंतूला जाऊन खाज सुरू करतो. मध्ये पांढरी पेशी हवीच असे नाही. आणि २०१७ साली सेंट लुईस इथल्या ब्रायन किम यांच्या गटाने इंटरल्युकिन-४ ची गंमत उघड केली. हा निरोप उंदराला टोचला तर उंदीर खाजवत नाही. म्हणून आजवर त्याच्यावर संशय गेला नव्हता. पण तो मज्जातंतूला असे काही तयार करून ठेवतो, की मग एरवी जाणवलेही नसते एवढेसे हिस्टामिन पुरते. आमच्या भाषेत सांगायचे तर इंटरल्युकिन-४ स्वतः पैसे काढत नाही. ते काउंटरला लेखी कळवून ठेवते, की या खात्यावरचा कोणताही चेक अडवू नका. उंदराच्या मज्जातंतूंवरून तेवढा एक रिसेप्टर काढून टाकला, तर जुनाट खाज बरीच कमी झाली.

माझ्या पाठीवर रात्री फिरणाऱ्या अदृश्य मुंग्यांचा अर्थ मला इथे लागला. वय झाले की कातडीची तटबंदी विरते, ती कोरडी पडते, आणि रोगप्रतिकारक यंत्रणेचा तोलही याच निरोपांच्या बाजूला झुकतो, असे काही संशोधकांना वाटते. चादरीचा स्पर्श, थोडा घाम, एखादा धागा, सगळेच चेक पास. आणि रात्रच का? रात्री कातडीचे तापमान वाढते, तिच्यातले पाणी जास्त उडते, दाह आवरणारे कॉर्टिसोल खाली गेलेले असते. शिवाय लक्ष दुसरीकडे न्यायला काहीही नसते. दिवसा निदान चहावाला येतो, फोन वाजतो.

एव्हाना वाचकांतल्या निम्म्यांचा हात मानेकडे गेला असेल. त्यात लाजण्यासारखे काही नाही. नुसते वाचून, पाहूनही खाज सुटते.

मग 'खाजवू नका' हा सल्ला. जगात याहून फुकट सल्ला दुसरा नाही. खाजवल्याने बरे वाटते ते खरेच वाटते. नखांची वेदना कण्याजवळ खाजेचा निरोप दाबून टाकते. आपल्याकडे 'खाजवून खरूज काढणे' असे म्हणतात, ते मात्र शास्त्राला धरून निघाले. २०२५ साली पिट्सबर्गच्या डॅनियल कॅप्लन यांच्या गटाने काही उंदरांच्या गळ्यात कुत्र्यांना घालतात तसली कॉलर घातली, म्हणजे त्यांना खाजवता येईना. त्यांची सूज पुष्कळ कमी राहिली. ज्यांनी खाजवले त्यांच्या वेदनेच्या तंतूंनी एक द्रव्य सोडले, त्याने मास्ट पेशी पुन्हा फुटल्या, आणि आग वाढली. पण त्याच प्रयोगात असेही दिसले, की खाजवलेल्या कातडीवर स्टॅफिलोकोकस हे जंतू कमी होते. म्हणजे निसर्गाने ही खोड उगीच लावलेली नाही. ते वाचून मला थोडे बरे वाटले. हिला वाचून दाखवले, तर ती म्हणाली, "चादरी तुम्ही धुता का?"

औषधांचे सांगायचे तर या ज्ञानाचा उपयोग वेगाने झाला. इंटरल्युकिन-४ आणि १३ यांचा रिसेप्टर अडवणारे डुपिलुमॅब हे इंजेक्शन २०१७ साली अमेरिकेत इसबासाठी मंजूर झाले. बहुतेकांना ते दर दोन आठवड्यांनी टोचून घ्यावे लागते. इंटरल्युकिन-३१ ची वाट बंद करणारे नेमोलिझुमॅब जपानमध्ये २०२२ साली आणि अमेरिकेत २०२४ साली आले. यात एक मौज अशी, की इंटरल्युकिन-३१ अडवणारे इंजेक्शन माणसांच्या आधी कुत्र्यांना मिळाले. खाजणारा कुत्रा आपण ताबडतोब डॉक्टरकडे नेतो. खाजणाऱ्या माणसाला आतल्या टेबलावर बसवतो. आणि काही गोळ्या पेशीच्या आत, जेएके नावाच्या एन्झाइमपाशी, निरोप थांबवतात. त्या नावातला 'जे' म्हणजे दोन तोंडांचा रोमन देव जॅनस, ज्याच्यावरून जानेवारी आला. किम यांच्या गटाने अशीच एक गोळी, टोफॅसिटिनिब, कारण न सापडलेल्या जुनाट खाजेच्या मोजक्या रुग्णांना देऊन पाहिली आणि त्यांना उतार पडला.

इंजेक्शन माझ्या पेन्शनला झेपणारे नाही. गोळी भारतीय कंपन्याही बनवतात, ती झेपली असती. पण जॅनसला दुसरे तोंड आहे. हीच यंत्रणा क्षयाच्या जंतूंना आणि इतर अनेकांना दाबून ठेवत असते. २०२१ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गोळ्यांवर हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या, कर्करोग यांविषयीचा कडक इशारा छापायला लावला. माझ्या छातीच्या फोटोत उजवीकडे एक जुना डाग आहे. नवव्या वर्षी प्लुरसी झाली होती, वडिलांनी सहा महिने शाळेत पाठवले नव्हते. डॉक्टर बाईंनी तो फोटो दिव्यासमोर बराच वेळ धरला. "काका, नुसत्या खाजेसाठी ही गोळी..." असे म्हणून त्या थांबल्या. 'नुसत्या' हा शब्द आपण वापरला हे त्यांच्याही लक्षात आले असावे, कारण त्या लगेच म्हणाल्या, "सॉरी. ठरवायचं तुम्ही आहे." मी आठ दिवस मागून घेतले. पासष्टीच्या माणसाला रात्रीची झोप महत्त्वाची की साठ वर्षांपूर्वीचा एक डाग, याचा हिशेब कोणत्याच लेजरमध्ये बसेना. शेवटी गोळी नको म्हटले. आठवड्यातून तीनदा अतिनील किरणांच्या उभ्या पेटीत जाऊन काही मिनिटे उभा राहतो. तो प्रकाशही कातडीतल्या या पेशींना जरा गप्प करतो. साबण बंद, आंघोळीनंतर अंग ओले असतानाच मलम. निम्मा उतार आहे. निम्मा नाही.

त्या आठ दिवसांत मी कॅशियरचा पत्ता शोधला. एका जुन्या सहकाऱ्याकडून फोन नंबर मिळाला. ते आता शहात्तर वर्षांचे, मुलाकडे असतात. आवाज तसाच, कॅश जुळल्यावरचा. मी नाव सांगितले.

"बोला साहेब."

तीस वर्षांपूर्वीची ती 'साहेब' ऐकून मला पुढे बोलायला थोडा वेळ लागला. मग सांगितले, की मला खाज सुटली आहे, तीन वर्षे झाली. ते हसले नाहीत. कुठे, किती वाजता, गरम पाण्याने वाढते का, असे चोख प्रश्न विचारले. मी इंटरल्युकिनचे सगळे आख्यान लावले, टीटी आणि सायफरसकट. ते त्यांना फार पसंत पडले. "म्हणजे तार आपली आणि वटवतो भलताच," ते म्हणाले. त्यांची खाज निवृत्तीनंतर पुष्कळ कमी झाली होती, पण गेली नव्हती. नवे इंजेक्शन त्यांच्या मुलाने चौकशी करून ठेवले आहे. त्यांचे म्हणणे, त्या पैशांत नातीचे कॉलेज होते.

मग मी भत्त्याचा विषय काढला. मी हिशेब करून ठेवला होता; किती महिने, किती रुपये, कागदावर मांडून. म्हटले, "तो दाखला मी वाचला होता. तुमचं बरोबर होतं. मला ते तेव्हाही माहीत होतं."

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग ते म्हणाले, "साहेब, ती रक्कम मी राइट ऑफ केलेली नाही. सस्पेन्स अकाउंटला ठेवलीय."

"आणि कादंबरीतला कॅशियर?"

"तो मोजण्यात चुकतो. मी कधी चुकलो नाही. ते तुम्ही लिहायला नको होतं." आणि मग, जणू विषय संपला अशा सुरात, "तुमची रात्री कितीला सुरू होते म्हणालात?"

"दीडला."

"माझी अडीचला. दोनच्या सुमारास दोघं जागे असू."

परवा रात्री दोन वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. हिने दचकून विचारले, "इतक्या रात्री कोण?"

"कॅशियर," मी म्हटले आणि फोन घेऊन बाहेरच्या खोलीत गेलो.